डावा हात, उजवी शिकवण

लेसच्या उशीवर काम करणाऱ्या बाईचे नुसते हात दाखवून कुणी विचारलं, की ही उजवी की डावखुरी, तर नेहमी लेस विणणारीसुद्धा जरा विचारात पडेल. बॉबिन लेस या प्रकारात दोन्ही हातांना जवळजवळ सारखंच काम असतं. घट्ट भरलेल्या उशीवर बारीक भोकं पाडलेला नमुना टाचलेला असतो. त्यावरून जोडीजोडीने सुटलेले दोरे बॉबिनींवर गुंडाळलेले असतात. शिलाई मशीनच्या पोटातली चपटी बॉबिन इथे डोळ्यांसमोर आणू नये. ही बोटभर लांबीची लाकडी कांडी असते. उशीवर अशा वीस असोत की दोनशे, विणणारी एका वेळी चारच उचलते, दोन डाव्या हातात, दोन उजव्या. मधल्या दोघींपैकी डावीकडची उजवीवरून पलीकडे नेली की झाला क्रॉस. मग दोन्ही हातांनी एकदमच आपापल्या जोडीतली उजवी बॉबिन डावीवरून टाकली की झाला पीळ. टाचणी खोचायची आणि पुढच्या चार उचलायच्या. बेल्जियममधल्या ब्रुजची असो, इंग्लंडमधल्या हॉनिटनची असो की स्लोव्हेनियातल्या इद्रियाची, सगळी बॉबिन लेस या दोन हालचालींतून उभी राहते. जिने लहानपणी बहिणीची वेणी घातली आहे तिला यातलं मर्म लगेच कळतं.

ही कला सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्सकडे रुजली. १५६१ साली झ्युरिकमध्ये छापलेल्या एका नमुनापुस्तकात म्हटलं आहे, की १५३६ च्या सुमारास व्हेनिसहून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर ती त्या भागात पोचली. व्हर्मियरने १६७० च्या आसपास रंगवलेली लेस विणणारी मुलगी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चित्र जेमतेम २४ बाय २१ सेंटिमीटरचं, वहीच्या पानाएवढं. मुलगी उशीवर इतकी वाकली आहे की दोन्ही हातांची बोटं एकाच ठिकाणी आली आहेत. इद्रिया हे पाऱ्याच्या खाणीचं गाव. खाणकामगारांच्या बायका-मुली लेस विणून घराला हातभार लावत. १८७६ साली तिथे लेसची शाळा निघाली, ती आजही चालू आहे, आणि २०१८ मध्ये स्लोव्हेनियाच्या बॉबिन लेसला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

या कलेत डावंउजवं अगदीच नसतं असं नाही. टाचणी खोचायची ती एकाच हाताने. इद्रियाच्या लेसमध्ये फितीसारखी वळणं घेत जाणारी पट्टी असते. तिच्या कडा एकमेकींना जोडताना बारीक आकडीने दोऱ्याचा फास वर ओढून घ्यावा लागतो, आणि तिथे विणणारीचा हात लगेच ओळखू येतो. पण मूळ विणीला त्याचं सोयरसुतक नाही. एखादीने सगळंच उलटं केलं, क्रॉस उजवीकडून आणि पीळ डावीकडून, तरी लेस बिघडत नाही. आरशात दिसावी तशी तीच लेस तयार होते. बिघडते ती निम्मं असं आणि निम्मं तसं केलं तर. हॉनिटनची लेस तर मुळात पालथीच विणतात. उशीवर जी वर दिसते ती मागची बाजू. काम संपवून लेस उलटली की खरी बाजू समोर येते, म्हणजे नमुन्यात डावीकडे झुकलेलं पान शेवटी उजवीकडे झुकतं. डेव्हन परगण्यातल्या बायका पिढ्यानपिढ्या हे असं उलटं बघत आल्या, आणि त्याचं कुणाला काही विशेष वाटलं नाही.

मग डावखुऱ्या मुलीचं घोडं अडतं कुठे? अडतं ते आपल्या घरातल्या साध्या क्रोशापाशी. क्रोशात हातांची कामं वाटलेली असतात. उजव्या हातात सुई, डाव्या हाताच्या बोटांवरून फिरवलेला दोरा. साखळी घालायची, मुका खांब, अर्धा खांब, खांब करत जायचं. ओळ उजवीकडून डावीकडे सरकते आणि गोल रुमाल विणायला घेतला तर काम घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. डावखुरीची ओळ डावीकडून उजवीकडे जाते, तिचा रुमाल काट्यांच्या दिशेने फिरतो. टाके तेच, त्यांची संख्या तीच, रुमालही तसाच. कागदावर हे दोन वाक्यांत उरकतं. पण कागदावरून क्रोशा शिकलेलं कोण असतं? आई, मावशी, शेजारच्या काकू यांच्याजवळ बसून, त्यांच्या हातांकडे बघत मुली शिकतात. "अशी घाल, अशी ओढ, आता इकडून घे" यातलं प्रत्येक ‘अशी’ आणि ‘इकडून’ शिकवणारीच्या हाताचं असतं.

आणि शिकवणारी बहुधा उजवीच असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. डावखुऱ्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं. पुरुषांत ते थोडं जास्त, बायकांत थोडं कमी. हे घराण्यातून येतं का? येतं, पण चमत्कारिक रीतीने. आईवडील दोघेही उजवे असतील तर साधारण दहातलं एक मूल डावखुरं निघतं, दोघांपैकी एक डावखुरा असेल तर पाचातलं एक, आणि दोघेही डावखुरे असले तरी चारातलं एकच. म्हणजे दोन डावखुऱ्यांच्या संसारातही चारातली तीन मुलं उजवी होतात. पैठणीचा माग असो की आजीची गोधडी, हस्तकला हातातून हातात येते असं आपण कौतुकाने म्हणतो. तो देणारा हात दहापैकी नऊ वेळा उजवा असतो, एवढं त्या कौतुकात राहून जातं.

हाताची ही निवड फार लवकर ठरते. बेलफास्टमधल्या पीटर हेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत अंगठा चोखणारे गर्भ पाहून ठेवले होते, आणि ती मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुलं उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली, ५ उजवीकडे वळली. जनुकांचं म्हणाल तर ‘डावखुरेपणाचं जनुक’ असं एक काही नाही. सतरा लाखांवर लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२० च्या अभ्यासात डावखुरेपणाशी संबंध असलेल्या ४१ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर.

शिवाय माणूस सगळ्या कामांत डावखुरा असतोच असं नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि फलंदाजी उजव्या हाताने करतो. सौरव गांगुलीचं नेमकं उलट, बाकी सगळं उजवं आणि बॅट डावखुरी. म्हणून १९७१ साली ओल्डफील्ड यांनी एडिंबरामध्ये तयार केलेली प्रश्नावली, जी आजही वापरात आहे, ती नुसतं ‘तुम्ही कुठल्या हाताने लिहिता’ एवढ्यावर थांबत नाही. काडी कुठल्या हाताने ओढता, कात्री कुठल्या हातात धरता, झाडू धरताना वरचा हात कुठला, असं एकेक काम ती विचारते. हस्तकला शिकवणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. डावखुऱ्या मुलीच्या हातात सुई दिली की ती कुठल्या हाताने धरेल, याचा अंदाज तिच्या अक्षरावरून बांधणं धोक्याचं.

आपल्याकडे या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, हळदीकुंकू उजव्या हाताने लावायचं, ताटातला घास उजव्याच हाताने उचलायचा. या वळणात वाढलेली मुलगी सुई हातात घेण्याआधीच आपला हात चुकीचा आहे हे शिकून बसलेली असते. हे फक्त आपल्याकडचंच खूळ आहे असंही नाही. १९८६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने वासांच्या जाणिवेबद्दल वाचकांची पाहणी केली, तिला दहा लाखांहून अधिक उत्तरं आली, आणि त्यात हाताबद्दलही प्रश्न होता. तरुणांच्या मानाने ऐंशीच्या घरातल्या वाचकांमध्ये डावखुरे निम्म्याच्या आसपास निघाले. अशा आकड्यांवरून डावखुरे लवकर मरतात असा निष्कर्ष काही मानसशास्त्रज्ञांनी काढला आणि वर्तमानपत्रांनी तो हौसेने छापला. खरं कारण साधं होतं. त्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी शाळेतल्या मास्तरांनी डाव्या हातावर पट्ट्या मारून त्यांना उजवं करून टाकलेलं होतं.

मारून झाल्यावर आता कौतुक चालू आहे. डावखुरी माणसं जात्याच कलावंत, असं आपण इतक्या सहज बोलतो की त्याला पुरावा लागतो हेच विसरतो. लिओनार्दो दा व्हिंची डावखुरा होता, यात शंका नाही. त्याच्या रेखाटनांतल्या छायेच्या रेषा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतात, हा त्याचा हात ओळखण्याचा एक पुरावाच मानला जातो, आणि वह्या तर त्याने आरशातल्या अक्षरात भरल्या. पण एक लिओनार्दो म्हणजे काही सिद्धांत नव्हे. मेंदूच्या उजव्या भागात कला राहते आणि डाव्यात हिशेब, ही समजूतही याच कौतुकाला जोडली गेली. रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा दुवा कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. त्या बारीक कामाची अशी सोपी म्हण करण्यात पुढच्या लेखकांचा हात आहे. तसं पाहिलं तर बोलण्या-लिहिण्याचं केंद्र बहुसंख्य डावखुऱ्यांतही डाव्याच भागात असतं.

कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅनियल कसासान्टो आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली या विषयावरचे १९०० पासूनचे सुमारे हजार शोधनिबंध चाळले. बहुतेक निकषांतच बसेनात. हाताशी उरले १७ अभ्यास. एका गोष्टीचे नाना उपयोग सुचणं, एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं काढणं, अशा चाचण्यांत डावखुऱ्यांची कुठलीही सरशी दिसली नाही. काही चाचण्यांत तर उजवेच केसभर पुढे होते. मग ही समजूत आली कुठून? चित्रकार आणि संगीतकार यांच्यात डावखुऱ्यांचं प्रमाण खरोखरच जास्त दिसतं. लोक तेवढंच बघतात आणि ते साऱ्या सर्जनशील व्यवसायांना लावून मोकळे होतात. सगळे असे व्यवसाय एकत्र धरले तर चित्र पालटतं.

मला या कौतुकाचा थोडा रागच येतो. डावखुऱ्या मुलीला प्रतिभेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण तिच्या हाताला बसेल अशी कात्री शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला सहसा कुणी आणून ठेवत नाही. कात्रीचंच बघा. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं उजव्या बाजूला असतं. उजवा हात मिटताना अंगठा आणि बोटं नकळत असा दाब देतात की दोन पाती एकमेकांना घासून चालतात. तीच कात्री डाव्या हातात धरली तर तोच सहज दाब पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडून अडकतं. वर खडूने आखलेली रेघ पात्याआड जाते, त्यामुळे मुलगी मान वाकडी करून कापत राहते आणि कड दातेरी येते. बाई म्हणतात, हिच्या हातात सफाई नाही. डावखुऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा कात्र्यांत तर नुसत्या मुठी बदललेल्या असतात, पाती उजव्यांचीच. घेताना टोक समोर धरून वरचं पातं डावीकडे आहे ना, एवढं बघून घ्यावं.

कलेच्या क्षेत्रात डावखुरे जास्त दिसतात त्याबद्दल आणखी एक खटकतं. आपल्याला दिसतात ते टिकलेले. जिला कुणी नीट दाखवलं नाही, जिची दातेरी कड वर्गासमोर धरून हसण्यात आलं, तिने सुई खाली ठेवली आणि ती मोजणीतून गेली. जी टिकली तिला मात्र नक्कल करण्याची सोय नव्हती. तिला टाका समजून घ्यावा लागला: दोरा कुठून निघाला, कुठल्या फासातून गेला, कुठे आवळला. शिकवणारीचे हात न बघता टाक्याकडे बघण्याची ही सवय पुढे कामाला येते, असं माझं मत आहे. तिला प्रतिभा म्हणायचं की नाइलाज, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि लेसच्या बाबतीत प्रतिभा कुणाची, हा प्रश्न तर आणखीच अवघड. एकोणिसाव्या शतकात बेडफर्डच्या थॉमस लेस्टर या व्यापाऱ्याने काढलेले पक्ष्या-प्राण्यांचे नमुने आजही संग्रहालयात जपलेले आहेत. ते विणणाऱ्या बायकांची नावं कोण सांगेल? आपल्याकडे लेस आली ती मिशनऱ्यांबरोबर. नागरकोइलला लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलींच्या शाळेत ती शिकवली. गोव्यात ख्रिस्ती घरांतून क्रोशाची लेस रुळली. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. याच नरसापूरवर मारिया मीस यांचं १९८२ चं पुस्तक आहे, आणि ते वाचल्यावर लेसकडे नुसतं नाजूक कलाकुसर म्हणून बघणं जड जातं. एक बाई दिवसभर एकच फूल विणत राहते, दुसरी ती फुलं जोडते, माल जातो परदेशी, आणि विणणारी कामगार म्हणून धरलीच जात नाही, ती आपली फावल्या वेळात विणणारी गृहिणी. तिथे डाव्या हाताची असो की उजव्या, नवं काही सुचण्याला जागा फार थोडी.

तरीही शिकण्या-शिकवण्याकडे परत येऊ, कारण तिथे करण्यासारखं बरंच आहे. फ्रेंच संशोधक ईव्ह गियार यांनी १९८७ साली दोन हातांच्या कामवाटणीबद्दल एक सुंदर निरीक्षण मांडलं. आपण ज्याला दुबळा हात म्हणतो तो रिकामा नसतो. तो जागा ठरवतो, आधार देतो, आणि कामाला आधी लागतो. सराईत हात त्याने आखून दिलेल्या जागेत बारीक काम करतो. लिहिताना दुसरा हात कागद सतत सरकवत असतो, त्यामुळे लिहिणाऱ्या हाताला टेबलावर फारसं फिरावंच लागत नाही. भरतकामाची रिंग धरणारा हात, क्रोशाचा दोरा बोटांवर ताणून धरणारा हात, पोळी लाटताना ती फिरवणारी बोटं, सगळी याच जातीची. क्रोशात टाके सारखे येतात ते दोऱ्याच्या ताणामुळे, आणि तो ताण सुई नसलेल्या हाताकडे असतो. म्हणूनच काही डावखुऱ्या मुली उजव्यांच्या पद्धतीने क्रोशा अगदी आरामात शिकतात. त्यांचा चपळ हात दोरा सांभाळतो. युरोपात प्रचलित असलेल्या, डाव्या हातात लोकर धरून विणायच्या पद्धतीबद्दलही हेच. तेव्हा डावखुरी आहे म्हणून सगळं उलटंच शिकवायचं हा हट्टही बरा नव्हे. दोन्ही हातांनी थोडं थोडं करू द्यावं. कुठला हात लवकर वैतागतो ते तिचं तिलाच कळतं.

जिला उलटंच सोयीचं आहे तिला शेजारी बसवू नये, समोर बसवावं. उजवी बाई समोर बसली की तिचा सुईचा हात आणि मुलीचा डावा हात एकाच बाजूला येतात आणि मुलगी आरशात बघावं तशी बघत जाते. हीच युक्ती टॅटिंगला, म्हणजे शटलने गाठी मारत विणायच्या लेसलाही चालते. आता तर मोबाइलवर व्हिडिओ आडवा उलटवून घेता येतो. दोन सुयांवरच्या विणकामात जरा सावध राहावं लागतं. दोन टाक्यांचा एक करताना उजवीचा टाका ज्या बाजूला कलतो, त्याच्या उलट बाजूला डावखुरीचा कलतो. स्वेटरच्या गळ्यापाशी दोन्ही बाजू मिळून नक्षी जुळून येते, फक्त नमुन्यात ‘उजवी बाजू’ लिहिलं असेल तिथे तिने ‘डावी’ वाचायचं.

चौकटींच्या क्रोशात, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या घरांतून चित्र उमटवण्याच्या प्रकारात, हे न सांगितल्याचा परिणाम थेट डोळ्यांत भरतो. फुलं, मोर, स्वस्तिकाभोवतीची वेल, इथवर सगळं निभावून जातं. मोराचं तोंड फिरलं तरी कुणी हरकत घेत नाही. पण समजा रुखवतासाठी ‘स्वागतम्’ विणायला घेतलं. नमुन्याची पहिली ओळ उजव्या टोकापासून वाचायची असं छापलेलं असतं, आणि डावखुरी ती तशीच वाचून आपल्या डावीकडून विणायला लागते. चार बोटं काम झाल्यावर अक्षरं पाठ फिरवून उभी. उसवायची गरज नाही: घरं दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात, कापड नुसतं उलटून धरलं की अक्षरं सुलटी वाचता येतात. पुढच्या वेळी पहिली ओळ डावीकडून वाचायला घ्यावी.